उत्तरकथा आणि शोकाचे ऋण : ‘अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रेन’ या जपानी चित्रपटाचा एक अभ्यास

१

‘उत्तर’ या शब्दाचे दोन अर्थ आपल्या परिचयाचे आहेत. जे मागाहून येते ते उत्तर, आणि प्रश्नाला दिलेले प्रतिवचन तेही उत्तर. उत्तरकांड, उत्तररामचरित यांसारख्या नावांत आपण सामान्यतः पहिला अर्थ घेतो. परंतु लोकांनी मनापासून स्वीकारलेल्या एखाद्या कथेची उत्तरकथा रचली जाते, तेव्हा तिच्याकडून दुसऱ्या अर्थाचीही अपेक्षा केली जाते. मूळ कथा संपली तरी तिने श्रोत्याच्या मनात काही शल्य मागे ठेवलेले असते. त्या शल्याची दखल जी घेत नाही ती उत्तरकथा घटनांची नुसती पुरवणी ठरते.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने एका जपानी चित्रपटाचा विचार करावयाचा आहे. ‘फायनल फँटसी सेव्हन : अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रेन’ हा संगणकीय अ‍ॅनिमेशनचा चित्रपट २००५ साली प्रसिद्ध झाला. तो १९९७ सालच्या ‘फायनल फँटसी सेव्हन’ या व्हिडिओ गेमची उत्तरकथा आहे. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने अशा विषयाकडे का वळावे, अशी शंका येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. तिचे समाधान असे की, ज्यात श्रोता स्वतःच कथेतील कर्ता असतो असा एक कथाप्रकार व्हिडिओ गेमच्या रूपाने निर्माण झाला आहे. अशा कथेतील शोकाचे स्वरूप निराळे असते, आणि म्हणून तिच्या उत्तरकथेपुढील प्रश्नही निराळा असतो. उत्तरकथेचा विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. त्या विचाराची कसोटी या नव्या सामग्रीवर लावून पाहणे निष्फळ ठरणार नाही.

२

‘फायनल फँटसी’ ही स्क्वेअर या जपानी कंपनीची खेळमाला १९८७ साली सुरू झाली. तिच्यातील प्रत्येक क्रमांकित खेळाची सृष्टी स्वतंत्र असते. पाचव्या खेळातील पात्रांचा सहाव्याशी संबंध नसतो. त्यामुळे उत्तरकथा ही या मालेत मुळात अपवादात्मकच. असा एक अपवाद १९९४ साली झाला. रिंतारो यांच्या दिग्दर्शनाखाली पाचव्या खेळाची उत्तरकथा चार भागांच्या अ‍ॅनिमेशन-मालिकेच्या रूपाने आली. ती मूळ कथेनंतर दोनशे वर्षांनी घडते आणि तिची नायिका मूळ नायकाची वंशज आहे. अशा रचनेला आपण वंशकथा म्हणू. तिच्यात जुन्या कथेचा गौरव होतो, परंतु जुने दुःख पुन्हा उकलावे लागत नाही, कारण ते भोगणारी माणसे काळाच्या उदरात गडप झालेली असतात.

‘अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रेन’ने दुसरा मार्ग पत्करला. त्याची कथा मूळ घटनांनंतर अवघ्या दोन वर्षांनी घडते आणि माणसेही तीच आहेत. अशा रचनेला परिणामकथा म्हणता येईल. ज्याने जग वाचवले तो नंतर कसा जगला, हा तिचा विषय असतो.

मूळ खेळाची कथा येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मिडगार या महानगरात शिनरा नावाची वीजकंपनी ग्रहाच्या पोटातील ‘जीवनप्रवाह’ उपसून त्यापासून ‘माको’ ही ऊर्जा तयार करते. सर्व जीव मृत्यूनंतर या प्रवाहात मिसळतात आणि त्यातूनच पुन्हा उद्भवतात. कंपनी जे जाळते आहे ते पर्यायाने मृतांचे व अजातांचे जीवित होय. क्लाउड हा तरुण भाडोत्री योद्धा म्हणून कंपनीविरोधी बंडखोरांत सामील होतो. पुढे त्याची भेट एअरिथ या फुले विकणाऱ्या तरुणीशी होते. जीवनप्रवाहाचा आवाज ऐकू शकणाऱ्या प्राचीन वंशाची ती शेवटची स्त्री असते. सेफिरॉथ हा एकेकाळचा वीरपुरुष ग्रहावर उल्का आणून त्याच्या जखमेतून उसळणारी जीवनशक्ती स्वतः गिळू पाहतो. कथेच्या अखेरीस जीवनप्रवाहच पृष्ठभागावर उसळून उल्केचा नाश करतो. श्रेयनामावलीनंतर ‘५०० वर्षांनंतर’ अशी पाटी येते, आणि हिरवाईने वेढलेले ओसाड मिडगार दिसते. माणसांचे पुढे काय झाले हे स्पष्ट सांगितलेले नाही.

या कल्पनेमागे खेळमालेचे जनक हिरोनोबु साकागुची यांचा वैयक्तिक शोक होता. आईच्या मृत्यूनंतर जीवन म्हणजे काय या प्रश्नाचा विचार करताना जीवनप्रवाहाची कल्पना आकारास आल्याचे त्यांनी सांगितले आहे. म्हणजे कथेच्या मुळाशीच मृतांच्या ठावठिकाण्याचा प्रश्न आहे.

३

खेळ तीन तबकड्यांत विभागलेला होता. पहिल्या तबकडीच्या शेवटी एअरिथ विस्मृत नगरीत एकटीच जाऊन ग्रहाच्या रक्षणासाठी प्रार्थना करीत असते. क्लाउड तिच्यापर्यंत पोहोचतो, आणि त्याच क्षणी वरून उतरणारा सेफिरॉथ तिला तलवारीने मारतो. व्हिडिओ गेमच्या इतिहासात या प्रसंगाइतकी चर्चा फार थोड्या प्रसंगांची झाली असेल. ती अनेकदा ‘नायिका मेली’ या धक्क्यापुरतीच राहते. प्रसंगाचा कणा मात्र त्याच्या रचनेत आहे.

एअरिथ मारली जाण्याच्या अगदी आधी खेळणाऱ्याकडे क्लाउडचा ताबा असतो. तो बटण दाबतो, आणि क्लाउड तिच्याकडे जाण्याऐवजी तिच्यावरच तलवार उगारतो. सोबती ओरडतात तेव्हा तो भानावर येतो. म्हणजे घाव सेफिरॉथने घातला, परंतु क्षणभरापूर्वी तोच घाव खेळणाऱ्याच्या बोटाने घातला जाण्याच्या बेतात होता. पाठोपाठ युद्ध सुरू होते, तरीही नेहमीचे युद्धसंगीत वाजत नाही. नोबुओ उएमात्सु यांनी रचलेली एअरिथची धूनच चालू राहते. खेळणारा लढत असतो, त्याच्या कानांत मात्र विलाप असतो. नंतर क्लाउड तिचा देह पाण्यात सोडतो.

याला आणखी एक अंग आहे. तोवर खेळणाऱ्याने एअरिथवर अनेक तास खर्च केलेले असतात. तिची शक्ती वाढवलेली असते, तिच्यासाठी शस्त्रे निवडलेली असतात. ते सारे एका क्षणात निरुपयोगी होते. खेळाचे दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांनी मुलाखतींत या निवडीचा हेतू स्पष्ट केला आहे. प्रत्यक्ष जीवनात मृत्यू नाट्यमय बलिदानासारखा येत नाही. तो अचानक येतो आणि मागे पोकळी ठेवतो. आधी ठाऊक असते तर आपण निराळे वागलो असतो, असे मागे राहिलेल्याला वाटत राहते. ही पोकळी खेळाच्या यंत्रणेतूनच निर्माण केलेली आहे.

नाटक पाहणारा प्रेक्षक दुसऱ्याचा शोक अनुभवतो. त्याचे साधारणीकरण होते म्हणूनच करुणाचा आस्वाद शक्य होतो, असे आपले शास्त्र सांगते. येथे मात्र खेळणारा तटस्थ नाही. ‘माझ्याकडून काही राहिले काय?’ हा प्रश्न त्याला पडतो. एअरिथला परत आणण्याची गुप्त युक्ती खेळात दडलेली आहे, अशा वावड्या वर्षानुवर्षे उठत राहिल्या आणि असंख्य खेळाडूंनी तिचा शोध घेतला. मुळात तशी युक्ती नव्हतीच. या शोधाला भाबडेपणा म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही. ज्याला कर्ता केले त्याने कर्तव्याचा शोध घ्यावा, यात वावगे काहीच नाही. मूळ कथेने मागे ठेवलेले ऋण ते हे : शोक, आणि त्याला चिकटलेला अपराधभाव.

४

२००१ साली साकागुची यांचा ‘फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन’ हा संगणकीय चित्रपट आर्थिकदृष्ट्या सपशेल कोसळला. त्यात खेळमालेचे नाव होते, परंतु तिच्यातील एकाही कथेशी त्याचा संबंध नव्हता. २००३ साली स्क्वेअर व एनिक्स या कंपन्या एकत्र आल्या आणि त्याच वर्षी ‘अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रेन’ची घोषणा झाली. प्रथम कल्पना सुमारे २० मिनिटांच्या लघुपटाची होती. ती वाढत जाऊन सुमारे १०० मिनिटांचा चित्रपट झाला. मूळ खेळाच्या पात्रांचे रेखाटन करणारे तेत्सुया नोमुरा हे दिग्दर्शक, ताकेशी नोझुए सहदिग्दर्शक, आणि मूळ खेळाच्या पटकथेत वाटा असलेले काझुशिगे नोजिमा हे लेखक. २००४ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा काही भाग दाखवण्यात आला. पुढच्या वर्षी तेथेच पूर्ण चित्रपट दाखवला गेला आणि १४ सप्टेंबर २००५ रोजी जपानमध्ये तो डीव्हीडीच्या रूपाने विक्रीस आला.

चित्रपटाचा आरंभ लक्षणीय आहे. मूळ खेळाच्या शेवटी दिसलेले, ५०० वर्षांनंतरचे हिरवे मिडगार प्रथम दिसते, आणि मग पाटी येते : ‘४९८ वर्षांपूर्वी’. या एका पाटीने कथाकारांनी आपली भूमिका सांगून टाकली आहे. मूळ कथेचा शेवट त्यांनी पुसला नाही. त्याच्या आतल्या रिकाम्या जागेत ते शिरले. त्यानंतर बॅरेटची मानसकन्या मार्लीन चित्रांच्या साहाय्याने पूर्वकथा सांगते.

उद्ध्वस्त मिडगारच्या कडेला एज नावाची नवी वस्ती उभी राहिली आहे. क्लाउड मोटरसायकलवरून सामान पोहोचवण्याचा व्यवसाय करतो. टिफाच्या मद्यगृहात तो, ती, मार्लीन आणि डेंझेल नावाचा अनाथ मुलगा असे कुटुंब झाले होते. परंतु क्लाउड घर सोडून एअरिथच्या पडक्या चर्चमध्ये राहू लागला आहे. डेंझेलला एक असाध्य रोग झाला आहे, आणि तोच रोग क्लाउडलाही आहे. त्याने तो लपवला आहे. तिकडे कादाज, याझू व लोझ हे तिघे ‘माते’चा, म्हणजे सेफिरॉथच्या शक्तीचे मूळ असलेल्या परग्रहीय जीवाच्या अवशेषाचा शोध घेत रोगी मुलांना पळवतात. अखेरीस कादाजच्या देहातून सेफिरॉथ पुन्हा प्रकटतो, क्लाउड त्याचा पराभव करतो, पाऊस पडतो आणि त्या पावसाने रोग नाहीसा होतो.

कथानक एवढेच आहे आणि ते फार सबळ नाही हे मान्य केले पाहिजे. चित्रपटाचे सामर्थ्य रोगाच्या कल्पनेत आहे.

५

जपानी भाषेत या रोगाचे नाव ‘सेइकोन’ असे आहे. ‘सेइ’ म्हणजे तारा. मूळ कथेत ग्रहासाठी हेच अक्षर योजले आहे. ‘कोन’ म्हणजे मागे राहिलेली खूण. आपण त्याला ग्रहव्रण म्हणू. ज्या जीवनप्रवाहाने उसळून जगाचे रक्षण केले, त्यातच सेफिरॉथचा अंश मिसळलेला होता. तो ज्यांच्या अंगात शिरला, त्यांचे शरीर त्याच्याशी झुंजते आणि त्या झुंजीनेच खंगते. म्हणजे ज्या घटनेला मूळ खेळात तारण म्हटले गेले, तिचाच हा परिणाम होय. उत्तरकथेने पूर्वकथेला विचारावयाचा प्रश्न हाच असतो : जे तारण झाले, त्याचे मोल कोणी दिले? ते मुलांनी दिले आहे. चित्रपटाच्या नावातील ‘चिल्ड्रेन’ हा शब्द कादाज व त्याच्या भावांना लागू पडतो तसाच डेंझेललाही लागू पडतो, आणि दोन्हीकडे मुले मातेवाचून पोरकी आहेत.

क्लाउडचा व्रण त्याच्या डाव्या हातावर आहे आणि तो कापडाने झाकलेला आहे. दुसऱ्याला वाचवू न शकल्याचा सल त्याने असाच झाकून ठेवला आहे. आपले पाप कधी क्षमा होईल काय, असे तो आपल्या जुन्या सोबत्याला विचारतो. टिफा त्याला जाब विचारते. जिवंत माणसे आठवणींपुढे हरली काय, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. मूळ खेळात क्लाउडने आपल्या खोट्या स्मृतींवर मात करून स्वतःला ओळखले होते, मग तो पुन्हा मागे का गेला, असा आक्षेप अनेकांनी घेतला आहे. तो पूर्णपणे खोडता येत नाही. परंतु स्वतःची ओळख पटणे आणि स्वतःला क्षमा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ खेळात पहिली घडली. दुसरी उरली होती.

६

येथे भवभूतीच्या उत्तररामचरिताचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. आठव्या शतकातील या विदर्भपुत्र कवीने रामकथेच्या उत्तरभागाचे नाटक रचताना नेमकी हीच समस्या हाताळली. पहिल्या अंकात राम व सीता स्वतःच्या पूर्वायुष्याची चित्रे पाहतात आणि भोगून झालेले दुःख पुन्हा ताजे होते. मार्लीनच्या चित्रमय निवेदनाचे कार्य याच जातीचे आहे. परंतु खरे साम्य तिसऱ्या अंकाशी, म्हणजे छायांकाशी आहे. भागीरथीच्या प्रभावाने अदृश्य झालेली सीता तेथे रामाच्या जवळ आहे. तो मूर्च्छित होतो, तिच्या स्पर्शाने सावध होतो, परंतु तिला पाहू शकत नाही.

चित्रपटातील एअरिथ अशीच आहे. पांढऱ्या फुलांच्या मळ्यात ती क्लाउडच्या पाठीशी उभी असते, त्याच्या हाताला स्पर्श करते; तो वळतो तेव्हा ती नसते. विस्मृत नगरीत क्लाउडचा मोबाइल फोन पाण्यात पडतो. न ऐकलेले निरोप वाजत वाजत तो खोल जातो, आणि त्यांत अखेरीस एअरिथचाही आवाज असतो : तिने त्याला कधीच दोष दिला नव्हता. ज्या पाण्यात त्याने तिला सोडले, त्याच पाण्यातून हे उत्तर येते. आणखी एक प्रसंग महत्त्वाचा आहे. आकाशातील राक्षसी प्राण्याशी लढताना क्लाउडचे सोबती एकामागून एक हात देऊन त्याला वर उचलतात, आणि शेवटचा हात एअरिथचा असतो. मूळ खेळात युद्धात एका वेळी तिघांनाच उतरता येई. कोणाला तरी मागे ठेवणे खेळणाऱ्याला भाग असे. येथे कोणीच मागे राहिलेला नाही, मृतही नाही.

साम्याइतकाच भेदही बोधप्रद आहे. भवभूतीची सीता अदृश्य असली तरी मूक नाही. तिच्या मनात अकारण त्यागाचे शल्य आहे. वनदेवता वासंती रामाला कठोर प्रश्न विचारते, ते सीता ऐकते. रामाचा शोक पाहून तिचे शल्य हळूहळू निघते. क्षमा तेथे अंकभर घडत जाते आणि ती क्षमा करणारीच्या अंतःकरणात घडते. एअरिथला मात्र स्वतःचे असे दुःखच दिलेले नाही. अकाली तुटलेल्या आयुष्याबद्दल तिला काय वाटते, हे चित्रपट विचारीत नाही. तिची क्षमा आधीच तयार असते. क्लाउडने ती ऐकावी एवढेच बाकी असते. माझ्या मते हे या चित्रपटाचे सर्वांत मोठे न्यून आहे. वाचलेल्याच्या शोकाला त्याने न्याय दिला, परंतु गेलेलीला केवळ सांत्वनाचे साधन केले.

तथापि एका बाबतीत चित्रपट भवभूतीहून अधिक कठोर आहे. उत्तररामचरिताच्या सातव्या अंकात नाटकातल्या नाटकाच्या द्वारे सीता परत मिळते. भवभूतीने परंपरेतील दुःखान्त बदलला. एअरिथ परत यावी म्हणून आसुसलेले लाखो खेळाडू नोमुरा व नोजिमा यांच्यासमोर होते. त्यांनी तिला परत आणली नाही. शेवटी चर्चमध्ये, फुलांच्या जागी उगवलेल्या पाण्यात, मुले बरी होतात. क्लाउडला दारापाशी एअरिथ व मृत मित्र झॅक दिसतात. ते प्रकाशात निघून जातात. आपण एकटे नाही, एवढे क्लाउडला कळते. या संयमाचे मोल कमी लेखता येणार नाही.

७

आता चित्रपटाच्या मर्यादांचा विचार. त्याचा मोठा भाग युद्धप्रसंगांनी व्यापला आहे. संगणकाने निर्माण केलेल्या देहांना भार नाही. ते इमारतींवरून कोसळतात आणि तत्काळ उठतात. जेथे देहाला इजाच होत नाही, तेथे मृत्यूच्या कथेला आधार उरत नाही. शिवाय मूळ खेळ न खेळलेल्या प्रेक्षकाला पात्रांचे परस्परसंबंध उमगणे कठीण आहे. चर्चमधील लढाईनंतर लोझचा फोन वाजतो आणि त्याची धून मूळ खेळातील विजयसंगीताची असते. जाणता प्रेक्षक हसतो, इतरांना ती नुसती धून वाटते. ‘सहृदय’ ही संकल्पना आपण रसिकतेशी जोडतो. येथे सहृदयता पूर्वानुभवावर, खेळण्यात घालवलेल्या तासांवर अवलंबून आहे. हा दोष खरा, पण पुराणकथांवर रचलेल्या कोणत्याही नाटकाने आपल्या प्रेक्षकाकडून असेच पूर्वज्ञान गृहीत धरलेले असते.

२००९ साली चित्रपटाची सुमारे २६ मिनिटांनी वाढवलेली आवृत्ती आली. तिच्यात डेंझेलच्या कथेला पुष्कळ अधिक जागा मिळाली आणि क्लाउडला ठळक जखमा होऊ लागल्या, रक्त दिसू लागले. वर सांगितलेल्या उणिवांपैकी दोन अशा रीतीने काही अंशी भरून निघाल्या. एअरिथच्या बाजूची उणीव मात्र तशीच राहिली.

पुढे २०२० पासून मूळ खेळ नव्याने रचला जाऊ लागला. त्याच्या २०२४ मधील दुसऱ्या भागात एअरिथच्या मृत्यूचा प्रसंग येतो, पण तो अनेक शक्यतांच्या सरमिसळीत येतो. ती गेली की नाही याविषयी क्लाउडची व इतरांची दृष्टी जुळत नाही. तिला वाचवण्याची युक्ती शोधणाऱ्या जुन्या खेळाडूंची इच्छाच येथे कथेत शिरली आहे असे म्हणता येईल. २००५ च्या उत्तरकथेने शोक संपवण्याचा मार्ग दाखवला होता. येथे शोक स्वीकारण्याआधीचा नकार पुन्हा जिवंत झाला आहे. कथा एक आणि ती रचणारी मंडळी बरीचशी तीच. तरी ऋण पुरते फिटलेले नाही, हेच यावरून दिसते.

‘अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रेन’ हा श्रेष्ठ चित्रपट आहे असा दावा येथे करावयाचा नाही. ज्या श्रोत्याला कथेने कर्ता केले, त्याचा अपराधभाव ओळखणे आणि मृताला परत न आणता त्या अपराधभावाला उत्तर देणे, हे उत्तरकथेचे एक नवे कार्य या चित्रपटाने पुढे आणले, एवढे निश्चित म्हणता येते. ते त्याने अर्धेच पार पाडले. उरलेला अर्धा भाग, म्हणजे गेलेल्याचे स्वतःचे मन, भवभूतीने तिसऱ्या अंकात सीतेच्या मुखाने बोलून दाखवला होता. व्हिडिओ गेमच्या उत्तरकथा यापुढेही लिहिल्या जातील. त्यांचे परीक्षण करताना गेलेल्या पात्राला तेथे बोलू दिले आहे काय, हा प्रश्न अभ्यासकाने अवश्य विचारावा.